घाट न बघता घाट कसा फिरावा

मोटरसायकलवर बसून एका दिवसात सह्याद्रीचा एक घाट उतरायचा, दुसरा चढायचा आणि रात्री घरी येईपर्यंत त्यातलं काहीही नजरेस पडू द्यायचं नाही, हे वाटतं तेवढं सोपं नाही. नवख्या माणसाचं लक्ष ढळतं. एखादं वळण संपतं, समोर दरी उघडते, खालून ढगाचा पुंजका वर येत असतो आणि होतकरू रायडर नकळत बघून टाकतो. बघितलं की तो थांबतो, थांबला की गटाच्या मागे पडतो, आणि मागे पडलेल्याला भजी गार मिळतात. असे हकनाक वाया गेलेले तरुण आम्ही पाहिले आहेत. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा वर्ग.

सरावासाठी पुणेकरांचा नेहमीचा फेरा घेऊ. कात्रजच्या बोगद्यातून कापूरहोळ, तिथून भोर, वरंध घाट उतरून महाड, मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव, मग निजामपूर-विळ्यावरून ताम्हिणी घाट चढून मुळशी, पौड आणि परत पुणे. अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर भरतात. कोल्हापूरकरांनी इथे गगनबावडा घालून वाचावं, मुंबईकरांनी माळशेज. तंत्र सगळीकडे एकच.

१. दिवस ठरवा

रविवार घ्या. मधल्या वारी रस्ता मोकळा असतो आणि मोकळ्या रस्त्यावर नजर डोंगराकडे जायची भीती असते. रविवारी पुढच्या मोटारीची नंबरप्लेट आणि तिच्या मागच्या काचेवरचं बाळाचं नाव एवढंच दिसतं.

महिन्यांत पितृपंधरवडा उत्तम. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. घरातून निसटायला कारण शोधावं लागत नाही. अडचण एकच. याच सुमारास घाटमाथ्यावरचे सडे सोनकीने पिवळे होतात, बांधाबांधाला तेरडा असतो. घाबरू नका, हेल्मेटची काच काळी घ्या. कारवीचं तर विशेष भय नाही. ती सात वर्षांतून एकदाच फुलते. नेमकी तुमच्या वर्षी फुललेली असली आणि तुम्ही ती यशस्वीपणे चुकवलीत, तर चुकवायची पुढची संधी थेट सात वर्षांनी.

पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे वरंध घाट बंद ठेवण्याचे आदेश निघतात. आदेश उठला की नाही याची चौकशी आधी करू नये. भोरच्या पुढे फलक दिसेपर्यंत जावं आणि फलकाला टेकून फोटो काढावा. ‘घाट बंद होता यार’ हे वाक्य ऑफिसात आठवडाभर पुरतं. ‘घाट छान होता’ लिफ्टमध्येच संपतं. पण नशीब नेहमीच साथ देत नाही. तेव्हा घाट उघडा आहे असं धरून पुढे जाऊ.

२. सूर्याची व्यवस्था

ही आपोआप होते. पुणं घाटांच्या पूर्वेला वसलं असल्यामुळे सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता आणि संध्याकाळी पूर्वेला येता. म्हणजे सूर्योदय पाठीमागे आणि सूर्यास्तही पाठीमागे. फेरा उलटा मारलात तरी फरक पडत नाही. बिचाऱ्या मुंबईकरांना ही सोय नाही; माळशेजला जाताना सूर्य समोरून उगवतो, येताना समोरच मावळतो, आणि एवढं सगळं दिवसातून दोनदा बघावं लागतं. त्यांच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे.

आपल्याकडे धोका फक्त आरशांचा. त्यात सूर्यास्त सापडू शकतो. जाणते रायडर म्हणूनच आरसे काढून टाकतात आणि लोक उगाच समजतात की दिसायला बरं म्हणून काढले.

३. सामान घ्या, भरपूर घ्या

नियम असा: एक दिवस गावाबाहेर राहायचं, तर आठवड्याचं सामान गाडीला लटकलं पाहिजे. दोन बाजूंना सॅडल बॅग, टाकीवर टँक बॅग, मागे टेल बॅग आणि या सगळ्यावरून आवळलेल्या बंजी दोऱ्या. आत काय आहे हे कुणी विचारत नाही. एकीत टॉवेल आणि दुसरीत तो कोरडा ठेवायची पिशवी असली तरी चालतं.

जेरीकॅन विसरू नका. हिशेब स्पष्ट आहे. टाकी बारा-तेरा लिटरची, लिटरला तीस किलोमीटर धरले तरी साडेतीनशेच्या पुढे जाते. फेरा पावणेतीनशेचा, आणि वाटेत भोर, महाड, माणगाव, पौड सगळीकडे पंप. तेव्हा दोन घ्या, दोन्ही बाजूंचा तोल राहतो. रिकामे ठेवलेत तरी लांबून भरल्यासारखेच दिसतात.

हँडलला पाचरंगी तिबेटी पताका बांधा. ही लडाखहून आणावी लागते असा नवशिक्यांचा समज असतो. ती पुण्यात मिळते, घरपोचही येते. मात्र नवी कोरी लावू नका. चार दिवस गच्चीत उन्हाला घाला. कुणी विचारलंच तर ‘खारदुंगला’ एवढंच म्हणून लांब कुठेतरी बघा. (दिवसभरात लांब बघायची परवानगी तेवढीच.)

जॅकेट आडदांड हवं. कोपर, खांदे, पाठ असं सगळीकडे संरक्षक कवच, त्याखाली थर्मल लायनर, त्याखाली रेन लायनर. हे जॅकेट खरोखर कामाचं आहे, पडल्यावर हाडं वाचवतं, त्याची थट्टा करू नये. फक्त सप्टेंबरच्या अखेरीस दुपारी एक वाजता महाडच्या सिग्नलला दोन्ही लायनरसकट उभं राहून पाहा. त्या क्षणी निसर्गातलं एकच दृश्य माणसाला हवं असतं. ते म्हणजे पंखा.

आता सायलेन्सर. डोळ्यांचा बंदोबस्त होत आला, कानांचं काय? कंपनीने बसवलेला सायलेन्सर गाडीचा आवाज दाबतो, आणि गाडीचा आवाज दबला की ओढ्यांचा ऐकू यायला लागतो. शीळकरी कस्तूर नावाचा एक पक्षी पावसाळ्यात ओढ्याकाठी अगदी माणसासारखी शीळ घालत असतो. एवढ्या पैशाची गाडी घेऊन त्याचं ऐकायचं का? सायलेन्सर बदला. पोलीस अशा सायलेन्सरांची रांग मांडून त्यांच्यावर रोड रोलर फिरवतात, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि सगळ्यांना तो दुसऱ्यांचा वाटतो.

४. गट निवडा

एकटं जाऊ नका. एकटा माणूस बघतो.

गटाच्या नावात लांडगा, गरुड, वादळ किंवा लोखंड यांपैकी काहीतरी असावं. शेळी, बदक, झुळूक ही नावं अजून कुणी घेतलेली नाहीत, पण घेऊही नका. गटाला पदं लागतात. सर्वांत पुढे ‘लीड’, सर्वांत मागे ‘स्वीप’, मधे ‘मार्शल’, आणि या तिघांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना देणारा, पण स्वतः कधीही राईडला न येणारा ‘अ‍ॅडमिन’. निघण्याआधी उभ्या उभ्या ब्रीफिंग होतं. त्यात हाताच्या खुणा शिकवतात: खड्डा, थांबा, एका रांगेत या, पेट्रोल हवं. ‘डावीकडे बघा, काय दिसतंय’ अशी खूण अजून बसवलेली नाही, यावरून या शास्त्राची शिस्त लक्षात यावी.

रांग तिरकी ठेवायची: एक डावीकडून, पुढचा उजवीकडून, एकाच रेषेतल्या दोघांत दोन सेकंदांचं अंतर. ते राखायचं तर नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर खिळलेली हवी. पावणेतीनशे किलोमीटर एका मडगार्डकडे बघत काढण्याची ही जगन्मान्य पद्धत आहे. शंका आली तर इंटरकॉमवर विचारा. हेल्मेटमधल्या त्या यंत्रामुळे अख्खा गट दिवसभर एकमेकांशी बोलू शकतो, आणि बोलतो. विषय बहुधा पुढे कुठे थांबायचं हाच असतो.

५. निघा

पाचला भेटायचं ठरतं, म्हणजे तुम्ही साडेपाचला उठावं. आई उठलेलीच असते.

‘किती वाजता येशील?’

‘सहापर्यंत, आई.’

‘म्हणजे रात्रीचं जेवण करू ना?’

‘बाहेर नाही जेवत गं.’

ती दोन पोळ्या जास्त टाकते आणि त्या झाकून ठेवते. तिला फेऱ्याचा अंदाज गटाच्या लीडपेक्षा चांगला असतो.

पावणेसातला कात्रजच्या अलीकडे सगळे जमतात, सातला एकाला पेट्रोल भरायचं आठवतं, सव्वासातला राईड सुरू होते. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर दुचाकींना टोल नाही. तरी थांबा. एकमेकांची वाट बघायला तेवढी रुंद जागा पुढे कुठेच नाही.

६. आणि लगेच नाश्ता करा

पन्नास किलोमीटरच्या आत मिसळ झाली पाहिजे. यामागे दीर्घ परंपरा आहे. रिकाम्या पोटी घाटात गेलेला माणूस भलताच सावध असतो, त्याला दव, गवत, धुकं सगळं जाणवतं. पोटात तर्री, वर दोन पाव आणि त्यावर ताक गेलं की जाणिवा बोथट होतात आणि पुढचा तासभर तो फक्त सरळ बसतो.

मिसळीवर चर्चा अनिवार्य आहे. ‘पूर्वीसारखी राहिली नाही’ या वाक्याने सुरुवात करा. तुम्ही पहिल्यांदाच आला असलात तरी हेच वाक्य. मग कुणीतरी कोल्हापूरचं नाव काढतो, कुणीतरी नाशिकचं, आणि वाद मटकीवर येऊन अडतो. सुमारे एक तास. या तासात कोवळं ऊन संपतं आणि भोरच्या अलीकडे नीरेने घेतलेलं ते गळ्यातल्या हारासारखं वळण, ज्याला नेकलेस पॉइंट म्हणतात, तिथे तुम्ही पोचता तेव्हा दहा गाड्यांचं आधीच पार्किंग झालेलं असतं. छान. पुढे चला.

७. धरणाकाठची परीक्षा

भोर सुटलं की रस्ता नीरा देवघरच्या जलाशयाला बिलगून चालतो, बराच वेळ चालतो, आणि इथे पहिल्यांदा कच्चा रायडर ओळखू येतो. पाणी डाव्या-उजव्या वळणांतून सारखं डोकावत राहतं. पलीकडे भाताची खाचरं, त्यावर डोंगर. नवशिक्यांनी स्पीडोमीटरकडे बघावं, जमल्यास मनात अ‍ॅव्हरेज काढावं.

अ‍ॅव्हरेजवरून आठवलं. तुम्ही कितीही महागडं जनावर घेऊन या, हिर्डोशीच्या बाजूला पाणी प्यायला थांबलात की धोतर-टोपीतले एक आजोबा येणार, गाडीला एक प्रदक्षिणा घालणार आणि विचारणार:

‘किती देती?’

‘तीस, आजोबा.’

‘आन् बसली केवढ्याला?’

आकडा सांगा. आजोबा मान हलवतील. त्यांच्या नातवाकडे शंभर सीसीची आहे. ती सत्तर देते, तिच्यावरून दूध, सिमेंटचं पोतं आणि आजोबा स्वतः असे तिघं हाच घाट पार करतात, तेही स्लिपर घालून. या विषयावर वाद घालू नका, तुम्ही हराल. जॅकेटची चेन लावा आणि निघा.

८. वरंधची भजी

हा दिवसाचा गाभा आहे, म्हणून सावकाश समजून घ्या.

भोरकडून वरंधला जाताना चढ कधी सुरू झाला कळत नाही. सह्याद्री पूर्वेकडून हळूहळू उचलत जातो आणि पश्चिमेला एकदम तुटतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांचा हा पठाराचा काठ, आणि काठावरून खाली बघितलं तर कोकण. माथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस नीरेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी पूर्वेच्या समुद्रात जातो. पलीकडे पडलेला सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत. थेंबाचं आयुष्य हाताच्या रुंदीवर ठरतं अशी ही जागा. नेमक्या याच जागेवर इंटरकॉमवर आवाज येतो: ‘भजी कुठाय?’

भजी वाघजाईच्या देवळापाशी आहे. टपऱ्या आहेत, बाकं आहेत, चहा आहे, माकडं आहेत. गाड्या लावताना एकीचं तोंड दुसरीच्या विरुद्ध करू नका. फोटोत रांग सरळ आली पाहिजे. बाकावर बसताना पाठ दरीकडे करा. टपरीकडे तोंड केलं तर भजी कधी उतरली ते कळतं, दरीकडे केलं तर माकडाने कधी नेली तेही कळत नाही.

आता जरा खाजगीत सांगतो, गटात बोलू नका. तुम्ही जिथे बसून कांदाभजीवर मिरची चुरडता आहात तो एक किल्ला आहे. कावळ्या त्याचं नाव. घाटाचा रस्ता किल्ल्याच्या मधून काढलेला आहे, अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. टपऱ्यांच्या वरच्या अंगाला खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. खाली जी झाडी दिसते, म्हणजे दिसली असती, त्यात शिवथरची घळ. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला अशी श्रद्धा आहे. वर चढून टाकी बघून यायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच खबरदारी घ्या. एकाने जरी ‘वर काय आहे रे?’ असं विचारलं तरी ताबडतोब दुसरी प्लेट सांगा.

‘मावशी, अजून दोन प्लेट. आणि मिरची जरा जास्त.’

मावशी रोज तिथे उभ्या असतात आणि त्यांचं तोंड मात्र दरीकडे असतं. धंद्याची गरज म्हणून त्यांना ते सोसावं लागतं.

९. घाट

उतरा.

(यापेक्षा जास्त लिहायची खरं तर गरज नाही. गटाच्या चौदा तासांच्या दिवसात प्रत्यक्ष वळणांचा घाट दीड-दोन तासांचा, बाकी सगळं थांबणं. तरी एक धोक्याची सूचना. पेट्रोल वाचावं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणारे किंवा इंजिनच बंद करणारे हुशार लोक प्रत्येक गटात असतात. इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापले की लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हाही कायदाच आहे. एवढ्या दोन वाक्यांपुरते आम्ही गंभीर आहोत.)

आंधळ्या वळणावर हॉर्नचं उत्तर हॉर्नने आलं की समजा, समोरून एसटी येते आहे. तिला जागा द्या. तिच्यात खिडकीपाशी एक बाई बसलेल्या असतात, मांडीवर पिशवी, हनुवटी गजावर, आणि अर्ध्या तिकिटात सगळा घाट वरून खालपर्यंत बघत असतात. त्यांच्याकडे गोप्रो नाही. त्यांच्याविषयी राग धरू नका.

१०. महाड

महाडमध्ये तीन कामं करायची: पेट्रोल, पाण्याची बाटली आणि नेटवर्क आल्याबरोबर स्टेटस. चवदार तळं गावातच आहे. १९२७ साली बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी ज्या पाण्याला हात लावल्यामुळे या देशात भूकंप झाला, ते पाणी तुमच्या पंपापासून फार लांब नाही. रायगडही इथूनच जवळ. पण गटाच्या वेळापत्रकात त्याला खाना नाही, आणि वेळापत्रक कधीच मागे पडलेलं आहे, कारण मटकी.

११. जेवण

पंधरवडा चालू आहे. मासे खायचे की नाही यावर साधारण तीन मिनिटं चर्चा करा. एकजण म्हणेल, आमच्यात चालतं. दुसरा म्हणेल, आमच्यात चालत नाही, पण कोकणात आलोय. मग सुरमई थाळी सांगा. सोलकढी आधी प्या, जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवा, आणि खुर्ची मागे पडली तर उचलायला दोघांना बोलवा.

जेवणानंतर येते ती झोप. कोकणातली दुपार, पोटात भात, डोक्यावर हेल्मेट. खरा शहाणा माणूस इथे अर्धा तास झाडाखाली आडवा होतो. तुम्ही चहा प्या आणि ‘मी फ्रेश आहे’ असं म्हणा.

१२. महामार्ग

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. माणगावच्या कोंडीत उभं राहून त्याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

१३. ताम्हिणी, अर्थात फोटो

विळ्याची औद्योगिक वसाहत मागे पडली की घाट लागतो. ताम्हिणीला अभयारण्य आहे, पाऊस असा पडतो की चेरापुंजीची आठवण काढावी, आणि सप्टेंबरअखेरही कड्यांवरून पांढऱ्या रेघा उतरत असतात. इथे न बघणं अशक्य, असं पुष्कळ जण सांगतात. अशक्य काही नाही. फोन काढा.

आदर्श फोटो असा: गाडी साइड स्टँडवर, चाक रस्त्याच्या पांढऱ्या रेषेबाहेर, हेल्मेट काखेत. तुम्ही पाठमोरे, दरीकडे तोंड करून, दृष्टी क्षितिजावर. हा फोटो काढताना डोळे मिटलेले असले तरी कळत नाही, पाठमोरं उभं राहण्याचा हाच तर फायदा. पण गर्दी असते. त्याच दगडावर त्याच पोझमध्ये उभं राहायला पुढे तिघं थांबलेले असतात, त्यांतला एक नवरदेव असतो, प्री-वेडिंगवाला. त्याला आधी जाऊ द्या. त्याचा कॅमेरामन ताशी पैसे घेतो.

हेल्मेटच्या हनुवटीवरचा कॅमेरा तर सकाळपासून चालू आहेच. त्यात आता काही तासांचं चित्रण साठलं आहे: पुढच्या गाडीचं मडगार्ड, भोर ते ताम्हिणी, सलग. त्यातून तीस सेकंदांची रील निघेल. ‘घरी जाऊन निवांत बघू’ हा विचार मनात आला असेल तर सांगून ठेवतो, ते आजवर कुणीही बघितलेलं नाही.

वर पोचलात की मुळशीचा जलाशय लागतो. ‘लेक व्ह्यू’ असं लिहून स्टेटस टाका आणि तिथेच थांबा, खोलात जाऊ नका. खोलात गावं आहेत. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, आणि पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातून सेनापती बापट झाले. पुण्याकडे वाहत यायचं ते मुळेचं पाणी डोंगर पार करून कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे उतरवलं. तिथून ते कुंडलिकेत जातं, आणि कोलाडला तुमचा दुसरा गट दर पावसाळ्यात राफ्टिंग करतो तो त्याच सोडलेल्या पाण्यावर. हे सगळं एका फोटोच्या मागे बसत नाही, म्हणून लोक फिल्टर लावतात.

१४. भूगाव

डोळे उघडा. आता बघायला हरकत नाही.

पिरंगुट, भूकूम, भूगाव. रविवारी संध्याकाळी ताम्हिणीहून परतणारं सगळं पुणं इथे एका रस्त्यावर उभं असतं. क्लच दाबून डावा हात आखडतो, इंजिनाची धग मांडीला लागते, आणि अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच तुम्ही आजूबाजूला नीट बघता. भूखंडांच्या जाहिराती आहेत. ‘डोंगरांच्या कुशीत टू बीएचके’ असं एका फलकावर लिहिलं आहे, चित्रात हिरवा डोंगर आहे. तुम्ही तो पूर्ण वाचता, खालचा फोन नंबरसुद्धा. डोंगराकडे इतका वेळ टक लावून तुम्ही आज प्रथमच बघता आहात; आता चालेल, तो छापील आहे.

चांदणी चौकाचा जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडला, तिथे आता नव्या पुलांचं जाळं आहे. त्यात एक वळण चुकतंच. स्वीप बावधनला जातो, लीड वारज्याला. निरोपाचा कार्यक्रम इंटरकॉमवर उरका.

१५. घरी

साडेनऊ वाजलेले असतात. झाकलेल्या पोळ्या काढा, बाहेर जेवणार नव्हतात. आई विचारेल: ‘कसं होतं रे सगळं?’ या प्रश्नाची तयारी आधीपासून हवी. मान्यताप्राप्त उत्तरं तीन. एक: ‘भारी.’ दोन: ‘ट्रॅफिक फार होतं.’ तीन: ‘वरंधला भजी मस्त मिळतात.’ एका वेळी एकच वापरा. ती पुढे विचारू शकते, ‘वाघजाईपाशी ना? लग्नानंतर आम्ही एसटीने महाडला गेलो होतो, गाडी तापली म्हणून तिथे तासभर थांबलो. वर ती टाकी होती पाण्याची, तुझ्या बाबांनी तिथलं पाणी आणलं होतं.’ अशा वेळी लोणचं मागा.

१६. गाडी धुऊ नका

हे सर्वांत महत्त्वाचं, आणि इथेच होतकरू लोक घात करून घेतात. सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीने बोललं पाहिजे. मडगार्डखाली चिखल, सॅडल बॅगवर शिंतोडे, नंबरप्लेट अर्धी झाकलेली (पोलीस चौकी टाळून यावं).

आता रस्ते बऱ्यापैकी डांबरी झाल्यामुळे पुष्कळदा फेऱ्यात पुरेसा चिखल मिळत नाही. निराश होऊ नका. पुण्यात पाइपलाइनसाठी खोदलेला रस्ता शोधावा लागत नाही. सोसायटीच्या बाहेर पडा, बहुधा समोरच असेल. रात्री अकरानंतर दोन फेऱ्या मारा आणि सकाळपर्यंत वाळू द्या. रंगाकडे मात्र लक्ष असू द्या. तांबडा मिळाला तर सोन्याहून पिवळं, तो थेट कोकणातला वाटतो. काळा लावू नका, लोक समजतील सोलापूरला गेला होतात.